साठ नावं, पाच आठवडे

ताई, नमस्कार.

माझं वय २९. नोकरीनिमित्त दोन वर्षांसाठी परदेशी चालले आहे. पहिलं वर्षभर तरी रजा काढून घरी येणं जमेल असं वाटत नाही. निघण्यापूर्वी कुणाकुणाला भेटायचं याची यादी केली, ती साठ नावांवर गेली. नातेवाईक, शाळेतल्या मैत्रिणी, कॉलेजचा ग्रुप, आधीच्या दोन ऑफिसांतली माणसं. गेले दोन आठवडे रोज संध्याकाळी कुणाकडे ना कुणाकडे जाते. सगळीकडे तेच प्रश्न आणि माझी तीच उत्तरं. रात्री अकराला घरी पोचते तेव्हा हसून हसून गाल दुखत असतात. एवढं करून चौदा नावांवर काट मारून झाली आहे आणि हातात पाच आठवडे उरलेत. परवा बाबा म्हणाले, "तू अजून गेलेली नाहीस, पण घरातही नाहीस." म्हणाले चेष्टेतच, पण मला लागलं.

दोन भेटी मी टाळते आहे. एक आजीची. ती ८६ वर्षांची आहे, काकांकडे असते. गेलं की म्हणणार, 'आता आपली भेट व्हायची की नाही कोण जाणे', आणि मला रडू फुटणार. दुसरी एका जुन्या मैत्रिणीची. आमचा दीड वर्षापासून अबोला आहे. भांडण मोठं नव्हतं, पण चिघळत गेलं. न भेटता गेले तर ते तसंच राहून जाईल. काय करू? मला अगं-तुगं केलंत तर आवडेल.

— यादीत अडकलेली

*

यादीत अडकलेल्या मुली,

तुझं पत्र वाचून झाल्यावर बाबांच्या वाक्यापाशी परत आले. यादीचं, आजीचं, मैत्रिणीचं बघूच, पण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांनीच देऊन ठेवलंय.

आधी माझी फजिती ऐक. मी तीन वर्षांसाठी गेले तेव्हा शेवटच्या दहा दिवसांत तेवीस घरं केली होती. मोजली होती, तीही अभिमानाने. त्याच दहा दिवसांत आमचे बाबा नवाकोरा फोन हातात धरून माझ्या मागे फिरत होते. व्हिडिओ कॉल कसा करायचा ते एकदा दाखव, एवढंच म्हणणं. मी चपला घालता घालता म्हणायचे, "आल्यावर दाखवते." आल्यावर ते झोपलेले असायचे. पुढे तीन महिने दर रविवारी मला बाबांचं कपाळ आणि छताचा कोपरा दिसत राहिला. फोन जरा खाली घ्या म्हटलं की फोन तिथेच राहायचा आणि बाबा खाली वाकायचे. मग कपाळही जायचं आणि नुसतं छत उरायचं. आम्ही हसायचो, पण फोन ठेवल्यावर मला काही हसू यायचं नाही. आणि त्या तेवीस घरांत मी काय बोलले, कुणी मला काय सांगितलं, यातलं एक वाक्य आज आठवत नाही.

तेव्हा पहिलं काम, उरलेल्या पाच आठवड्यांतल्या संध्याकाळी आधी घराच्या नावावर कर. आठवड्याच्या सातपैकी चार म्हण. त्यांतून जे उरेल ते बाकीच्यांना वाटायचं. तू उलटं करते आहेस, बाकीच्यांना वाटून उरलेलं घरच्यांना देते आहेस. शिवाय पुढचे काही महिने तुझ्या नसण्याची झळ ज्यांना रोज लागणार आहे, ती माणसं त्याच घरात राहतात.

आता ती यादी. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकात मांडलेला एक अंदाज तू ऐकला असशील. माणसाला साधारण दीडशे जणांशी खरी ओळख टिकवता येते. त्या दीडशेच्या आत आणखी वर्तुळं असतात, सुमारे पन्नास, पंधरा आणि अगदी आत पाच. हे आकडे कुंडलीसारखे वाचायचे नाहीत, त्यावर वादही पुष्कळ आहेत. पण तुझ्या यादीत काय चुकलंय ते यातून चटकन दिसतं. साठही नावं तू एकाच रांगेत उभी केली आहेस. ज्या मैत्रिणीला तू रात्री दोनला फोन करशील ती, आणि ज्या माजी सहकाऱ्याचं आडनाव आठवायला तुला क्षणभर थांबावं लागतं तो, दोघांनाही दीड दीड तास! आडनाव माझा अंदाज आहे हं, पण असा कुणीतरी त्या यादीत आहेच.

एक कोरा कागद घे आणि फोनमधली यादी न बघता नावं लिही. जी आपोआप सुचतील ती दहा-बारा, तेवढ्यांनाच वेगळं, एकेकट्याने भेटायचं. उरलेल्यांसाठी एकच संध्याकाळ ठरव. वेळ सांगताना संपायची वेळही सांग, संध्याकाळी सहा ते नऊ अशी. आणि ती शेवटच्या शनिवार-रविवारी ठेवू नकोस, निघण्याच्या दोन-अडीच आठवडे आधी ठेव. अशा ठिकाणी तुझं कुणाशीच धड बोलणं होणार नाही हे आधीच मान्य कर. ती माणसं एकमेकांना भेटतील, ते काय कमी आहे? ज्यांना जमणार नाही त्यांना चार ओळींचा निरोप पाठव. तो खरोखर त्यांनाच लिहिलेला हवा. सगळ्यांना एकदम ढकललेला मजकूर लगेच ओळखू येतो, कारण त्यात आपलं नाव नसतं.

"आणि आत्या रागावली तर? मामाला वाईट वाटलं तर?" रागावतील. रागावू देत. डनबार आणि त्यांचे सहसंशोधक सॅम रॉबर्ट्स यांनी एक पाहणी केली होती, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. शाळा संपवून पुढे निघालेल्या तीस मुलामुलींच्या नात्यांचं काय होतं, याचा त्यांनी दीड वर्ष मागोवा घेतला. नातेवाइकांशी असलेली जवळीक बरीचशी टिकली. मैत्री मात्र मुद्दाम जपली नाही तर पातळ होत गेली. मुलींच्या बाबतीत बोलत राहण्याने ती टिकली आणि मुलांच्या बाबतीत एकत्र काहीतरी करत राहण्याने. तीसच मुलं, त्यामुळे यावरून जगाचा नियम काढायला नको. पण तुझा हिशेब नेमका याच्या उलट चालला आहे. जे नातं दोन वर्षांनीही दार उघडणार आहे त्याच्या दारात तू आज ताटकळत बसली आहेस, आणि जे रोज पाणी मागतं ते वाळतंय. आत्याला फोन कर, वीस मिनिटं मोकळेपणाने बोल, आणि पोचल्यावर पहिल्या महिन्यात एकदा तिला स्वतःहून फोन कर. तो दुसरा फोन तिला जास्त आवडेल. त्याची ती चार जणांत वाच्यताही करेल आणि तुझं नाव राखलं जाईल.

त्या दहा-बारा जणांना भेटायचं कसं, हेही बोलायला हवं. समोरासमोर बसून 'मग, कसं वाटतंय?' असं विचारून घेण्याचा तुला वीट आलाय, तो पत्रात दिसतोच. मग बसूच नकोस. बूट घ्यायचे आहेत, चष्म्याची जास्तीची जोडी करायची आहे, कपाट रिकामं करायचंय, त्या कामांना एकेकीला बरोबर घे. कपाट आवरताना एखादा जुना शर्ट हातात आला की गप्पा आपोआप जिथे जायला हव्यात तिथे जातात. कामंही उरकतात. शर्ट तिला हवा असेल तर देऊन टाक.

आता आजी. तू तिची भेट शेवटी ठेवली आहेस, हो ना? ती सगळ्यांत आधी आण, याच आठवड्यात जा. आणि दोनदा जा. पहिल्या खेपेला तू रडशील, ती रडेल, ते होऊन जाऊ दे. दुसऱ्या खेपेला गप्पा होतील. शेवटच्या दिवशी घाईघाईने एकदाच गेलीस तर नुसतं रडणंच होईल आणि दोन वर्षं तेच डोळ्यांसमोर राहील.

ती म्हणेल, भेट व्हायची की नाही कोण जाणे. आपण सगळे लगेच म्हणतो, "असं काय बोलतेस, तू शंभर वर्षं जगणार आहेस." तिला गप्प करायची ही आपली रीत आहे. शहाऐंशी वर्षांच्या बाईला आपलं वय माहीत असतं. तिला ते कुणाशी तरी बोलायचं असतं आणि घरातला प्रत्येक जण तिला शंभर वर्षांचं आयुष्य देऊन विषय मिटवतो. तू हात धरून म्हण, "मलाही तीच भीती वाटते." पुढे काही बोलावं लागत नाही.

दुसऱ्यांदा जाताना घरातले जुने फोटो घेऊन जा. कोणत्या फोटोत कोण उभं आहे, मागचं घर कुणाचं, ते वर्ष कोणतं, तिला विचारत बस आणि प्रत्येकाच्या मागे लिहून ठेव. बॉलपेन वापरू नकोस. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने पाझरते. मऊ पेन्सिल घे, फोटो कडक सपाट जागी पालथा ठेव आणि कडेला हलक्या हाताने लिही. गुळगुळीत पाठीच्या नव्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही, त्यांच्यासाठी पाकिटावर आधी लिहायचं आणि मग फोटो त्यात घालायचा. हे करताना फोन शेजारी रेकॉर्डिंगवर ठेव, अर्थात तिला सांगून. 'आजी, तुझ्या आठवणी सांग' म्हटलं की कुणालाच काही सुचत नाही. 'ही दोन वेण्यांची मुलगी कोण?' म्हटलं की पाऊण तास निघतो. एक फोटो तुझ्याबरोबर घेऊन जा, बाकीचे तिच्यापाशीच राहू देत.

तिच्याकडे जाण्याआधी स्वतःची तब्येत मात्र बघ. शिंका येत असतील तर भेट दोन दिवस पुढे ढकल. त्या वयात साधी सर्दीही महागात पडते. हेच तुलाही लागू आहे. निघण्यापूर्वीचे शेवटचे तीन-चार दिवस गर्दीतल्या भेटी ठेवूच नकोस. नाक चोंदलेलं असताना विमान उतरायला लागलं की केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो, कानातला तेवढ्या वेगाने जुळत नाही आणि कान असा दुखतो की निरोपाचं दुःख विसरायला होतं. लसी घ्यायच्या असतील तर डॉक्टरांकडे आत्ताच जा, निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी भेटलेलं बरं. पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचा दाखला तर टोचल्यावर दहा दिवसांनीच ग्राह्य धरतात. लस घेतलेल्या संध्याकाळी कुणाला बोलावू नकोस, अंगात कणकण असते.

मैत्रिणीचं प्रकरण मला आजीपेक्षा सोपं वाटतं, तुला उलट वाटत असेल. तिला निरोप पाठव. भेटायचं की नाही ते तिच्यावर सोड. आणि जाण्याचं हत्यार करू नकोस. 'मी आता दोन वर्षं नसेन, आता तरी' असं लिहिलंस की तिला रागावण्याची सोय राहत नाही. मग ती भेटेल, पण मनातून भेटणार नाही. मी असं काहीसं लिहीन: "आपलं बोलणं बंद झालं त्यात माझाही वाटा आहे, आणि मला तुझी आठवण येते. मी पुढच्या महिन्यात दोन वर्षांसाठी बाहेर चालले आहे. कुणाकडून कळण्यापेक्षा मीच कळवावं असं वाटलं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल." एवढंच. भांडणाचा पंचनामा त्यात नको. कोण काय म्हणालं होतं ते तर अजिबात नको.

ती काय म्हणेल याची भीती वाटते ना? २०२२ साली संशोधक पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. कुणी अचानक 'तुझी आठवण आली' म्हणून संपर्क साधला तर समोरच्याला किती बरं वाटतं, याचा अंदाज संपर्क साधणारा सतत कमीच धरतो, असं त्यांत दिसलं. ते प्रयोग भांडलेल्यांवर केलेले नव्हते, त्यामुळे हमी मी देत नाही. पण दीड वर्षात तिनेही एखादा मजकूर लिहून पुसला असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

तू न विचारलेली एक गोष्ट आता सांगते, कारण याच गोष्टीने मी सर्वांत जास्त होरपळले. घरच्यांशी वाईट बातमीचा करार करून जा.

मी तिकडे असताना आईची शस्त्रक्रिया झाली. मला कळलं ते टाके निघाल्यावर. "तुला उगाच कशाला काळजी" हे कारण. मधल्या तीन रविवारी ती माझ्याशी फोनवर बोलली होती, आवाज थोडा बसलाय म्हणाली होती. त्यानंतर पुढची दोन वर्षं घरचा फोन आला की मी शब्द ऐकत नसे, आवाज ऐकत असे. कुणी खोकलं तरी पोटात गोळा यायचा. लपवल्याने काळजी कमी होईल असं त्यांना वाटलं होतं. झालं असं की बरी बातमीही मला खरी वाटेनाशी झाली.

म्हणून एका संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसव आणि विचार. कोणती बातमी मला लगेच, रात्री-अपरात्री उठवूनही सांगायची? दवाखान्यात दाखल होणं, शस्त्रक्रिया, अपघात, हे त्यात यायलाच हवं. ती सांगणार कोण? एकच माणूस ठरव, चार जणांकडून चार तऱ्हा कानावर आल्या की जीव अर्धा होतो. आणि मी यायचं की नाही हे ठरवणार कोण? ते तू ठरवणार, हे त्यांच्याकडून वदवून घे. बदल्यात तूही शब्द दे की तिकडे आजारी पडलीस, नोकरीत काही बिनसलं, तर लपवणार नाहीस. आईवडिलांना हा विषय काढणं अभद्र वाटेल. बाबा उठून पाणी प्यायला जातील. परत येऊ दे, मग पुढे बोल.

याच बैठकीत कागदांचंही उरकून घे. पासपोर्ट, व्हिसा, विमा, नोकरीचा करार यांच्या प्रती घरी एका माणसाकडे राहू देत. तुझ्या सहीची कामं कुणी बघायची असतील तर मुखत्यारपत्र इथे असतानाच कर, तिकडून करायचं म्हणजे खेटे. बँकेचा ओटीपी कोणत्या नंबरवर येणार ते तपास. तातडीने परतायची वेळ आली तर तिकिटापुरते पैसे बाजूला ठेव, हात लावायचा नाही असे. आणि एक बारीक गोष्ट, काही देशांत मुदतवाढीचा किंवा व्हिसा बदलण्याचा अर्ज निकालात निघण्याआधी बाहेर पडलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तुझ्या देशाचा नियम आत्ताच वाचून ठेव, म्हणजे ऐन वेळी 'येऊ का नको' यात हा पेच नको.

फोनची वेळही ठरवून जा, पण आठवड्यातून एकच पक्की वेळ ठेव. रोजचा फोन ठरवलास तर तो पहिल्या पंधरवड्यात चुकेल आणि रुसवे सुरू होतील. घड्याळांचंही बघावं लागेल. तू कुठे चालली आहेस ते लिहिलं नाहीस, पण युरोपात बहुतेक ठिकाणी मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. ज्यांच्याकडे घड्याळं हलत नाहीत त्यांना वर्षातून एकदा फोन तासभर आधीच येतो आणि एकदा ते तासभर फोनपाशी बसून राहतात. तारखा घरच्या कॅलेंडरवर तुझ्या हाताने लिहून जा.

विमानतळावर सोडायला दोघांनीच यावं असं माझं मत आहे. बाकीच्यांचा निरोप घरच्या दारातच घे. विमानतळावर रांगेत उभं असताना दहा जणांकडे वळून वळून बघावं लागतं, आणि मग पासपोर्ट कुठल्या खिशात ठेवला ते आठवत नाही.

आणि आज संध्याकाळी जिथे जायचं ठरलंय तिथे कळवून टाक की जमत नाही. बाबांना दुसऱ्या खोलीत पाठव, तू या खोलीत बस आणि त्यांना तुला फोन लावायला सांग. त्यांच्या हातातला फोन काढून घेऊन दाखवायचं नाही. चुकले तर कापून पुन्हा लावायला सांग. चेहरा नीट दिसेपर्यंत.

तुझी,
ताई